ठमाईला हाक

या, या, कातळावर बसून घ्या. बुडाला गार लागेल, पण ऊन चढलं की हाच कातळ तापेल आणि मग बसवणार नाही. बाळंतीण अजून पायवाटेवर आहे. ती आपल्या पावलांनी येईल, तिला कुणी घाई करायची नाही. ती येईस्तोवर मी सांगते. पोरांनो, मोबाइल खिशात. पाहुणे मंडळी, तुम्ही जरा पुढं सरका. तुम्हाला आमची रीत ठाऊक नाही, म्हणून हे तुमच्यासाठीच आहे. आमच्या माणसांना सगळं पाठ आहे, तरी तीच पुढची जागा धरून बसलीत बघा!

तर फार वर्षांपूर्वी, सड्यावर रस्ता नव्हता आणि विजेचा खांबही नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. सडा म्हणजे हेच, तुम्ही बसलात ते उघडं पठार. समोर दरी, दरीपलीकडं तो काळा कडा आणि पाठीमागं आमची चिवेवाडी. तेव्हा वाडीत घरं थोडी होती आणि म्हशी फार. आम्ही गवळी-धनगर, म्हशीच्या जिवावर जगणारी माणसं. घरातलं माणूस कण्हायला लागलं तर म्हणायचे, बघू उद्या. म्हैस कण्हायला लागली की अख्खी वाडी गोठ्यात!

त्या वाडीत ठमाई नावाची सुईण होती. ती कुठली, कुणाची लेक, हे कुणाला नक्की सांगता येत नाही. कुणी म्हणतं घाटाखालून आली, कुणी म्हणतं धुक्यातून चालत आली. मला विचाराल तर कुणाची तरी सून होऊन आली असणार. बायका गावात दुसऱ्या कशा येतात? पण तिचे कान मात्र साधे नव्हते. ती गाभण म्हशीच्या पोटाला कान लावायची आणि सांगायची, रेडकू डाव्या अंगावर निजलंय, अजून आठ दिवस काही येत नाही. आणि तसंच व्हायचं, असं म्हणतात.

मग तिच्या मनात आलं, म्हशीच्या पोटातलं हलतं, दचकतं, आवाज झाला की कान देतं. मग बाईच्या पोटातलं काय बहिरं असतं होय? तेव्हापासून तिनं एक चाल सुरू केली. वाटेत पोटुशी बाई भेटली की ठमाई आधी तिला राम राम घालायची, मग गुडघ्यावर बसून पोटाला राम राम घालायची. म्हणायची, "राम राम पाव्हणं, कसं काय हाय आत?" गडीमाणसं फिदीफिदी हसायची. पण बाईच्या लुगड्यावरनं सगळ्यांना दिसायचं, आतून टाच उमटायची. पोटातला पाहुणा परत राम राम घालायचा, असं म्हणतात.

तिच्या पुष्कळ गोष्टी सांगतात. उपजल्या पोराच्या मुठीत ती आपलं बोट द्यायची आणि पोर ते असं घट्ट धरायचं की सोडवता सोडवेना. ठमाई म्हणायची, धरायला कुणी शिकवावं लागत नाही, सोडायला मात्र सगळा जन्म जातो. ती सांगायची, बाळाची नजर पदरातून आईच्या तोंडापर्यंत जाते, त्याच्यापुढं नाही. देवानं तेवढीच दिलीय, कारण त्याला तेवढंच बघायचं असतं. आणि म्हणायची, आत अंधार असतो गं बायांनो, तिथं आईचा आवाज हाच दिवा. बाया मान हलवायच्या आणि कामाला लागायच्या. शहाणं बोलणं ऐकायला सगळ्यांना आवडतं, त्यातलं घरी किती नेतात ते सोडा.

आता ऐका खरी गोष्ट. वाडीत धोंडूबाई म्हणून एक बाई होती. घरची कर्ती, शब्दाची पक्की, दाराशी आलेल्याला ताक दिल्याशिवाय न सोडणारी. तिचा लेक बिरू आणि बिरूची बायको भागू. भागूला पहिलं मूल झालं, ते पाचवी पुजायच्या आत गेलं. दुसरं झालं, तेही पाचवीच्या आतच. पाचवी म्हणजे पाचवा दिवस. त्या दिवशी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते. भागूच्या दोन्ही बाळांची कपाळं कोरीच राहिली. धोंडूबाईनं दोन्ही वेळा आपल्या हातांनी खड्डा केला, दुसऱ्या कुणाला करू दिला नाही. ती वाईट बाई नव्हती हो. पुढचं ऐकताना हे ध्यानात ठेवा.

त्या काळी वाडीत एक रीत होती. आईला पहिल्या दिवसांत जो पिवळा, दाट चीक येतो ना, तो बाळाला द्यायचा नाही. तो जड, त्यानं तान्ह्याच्या पोटात खडा होतो, असं सगळे धरून चालायचे. तो पिळून उंबराच्या मुळाशी सांडायचा. बाळाला उपजल्या उपजल्या न्हाऊ घालायचं, सुपात निजवायचं, गुळाच्या पाण्याचा बोळा चोखायला द्यायचा. आई भिंतीच्या अलीकडं, बाळ भिंतीच्या पलीकडं. पाचवी झाली की मग पदराखाली. कुणी चालू केलं, कशासाठी केलं, कुणाला माहीत नव्हतं. आपल्याकडं असंच आहे, एवढंच.

आणि हीच माणसं म्हशीच्या चिकाला सोन्यासारखी जपायची! म्हैस व्याली की आधी रेडकाला पाजायचा, राहिलेल्याचा खरवस. एक थेंब सांडला तर सासू सुनेला आठ दिवस ऐकवायची. ठमाईनं कितीदा विचारलं, असं का? तर म्हणायचे, जनावराचं वेगळं, माणसाचं वेगळं. ठमाई सुईण असली तरी घर दुसऱ्याचं, पोर दुसऱ्याचं. ती तरी किती बोलणार?

तर भागूला तिसऱ्यांदा दिवस गेले. तेव्हा धोंडूबाईनं मनाशी ठरवलं की या खेपेला नशिबाला पत्ताच लागू द्यायचा नाही. ती बिरोबाच्या देवळात गेली आणि पायरीवर हात ठेवून बोलली, की मूल पाचवी ओलांडेस्तोवर या घरात त्याचा उल्लेख होणार नाही. डोहाळे पुरवायचे नाहीत, पोटावर हात फिरवायचा नाही, आणि भागूनं पोटाशी एक शब्द बोलायचा नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो. घरात पोटुशी बाई होती आणि सगळे असे वागत होते, की ती नाहीच. भागू पाण्याला जायची, शेणं काढायची, आणि पोटात काही हललं तर ओठ दाबून उभी राहायची. मला या ठिकाणी नेहमी वाईट वाटतं. बाळ आतून ढोसण्या देतंय आणि आई ओ देऊ शकत नाही. काय वाटलं असेल हो त्या पोरीला?

सातव्या महिन्यात ठमाई आली. नवस असो की नसो, सुईण तर लागणारच. तिनं भागूच्या पोटाला कान लावला आणि पुष्कळ वेळ उचललाच नाही. उठली तेव्हा तिचं तोंड उतरलेलं होतं. म्हणाली, जितं हाय, पण गप हाय. कुणी बोलत न्हाई का त्याच्याशी? धोंडूबाईनं तिला तिथंच थांबवलं आणि देवळातली गोष्ट सांगितली. देवापुढं दिलेला शब्द म्हणजे काय पोरखेळ नव्हे. तो मोडायला सांगणं ठमाईलाही जमेना. ती उठून गोठ्याकडं गेली. तिथं चांदी नावाची म्हैस बांधलेली होती, कपाळावर पांढरा टिळा असलेली, तीही गाभण. ठमाई चांदीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग वळून तिनं विचारलं, म्हशीशी बोलायला तरी बंदी न्हाई ना? धोंडूबाईला हसू आलं. म्हणाली, म्हशीशी बोलायला कोण बंदी घालंल? बोल म्हणावं दिवसभर.

ठमाई जाता जाता भागूच्या कानाला लागली. काय सांगितलं ते कुणी ऐकलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून भागूचं तोंड जे सुटलं, ते मिटेना!

चांदीला धुताना बोलायची, गवत घालताना बोलायची, तिच्या पोटाला आपलं पोट टेकून गोचिड काढताना बोलायची. आज धुकं पडलंय गं चांदे. कड्यावर घारी फिरतायत. ऊन आलं, पाठ शेकून घे. तुला टोपडं शिवलंय, पण कुणाला दाखवायचं न्हाई. आता म्हशीला टोपडं कशाला लागतं, हे घरात कुणी विचारलं नाही. धोंडूबाई चुलीपाशी बसून ऐकायची आणि न ऐकल्यासारखं करायची. बिरू एकदा म्हणाला म्हणे, म्हशीशी एवढं बोलतीस, माझ्याशी दोन शब्द बोललीस तर काय बिघडलं? भागू म्हणाली, तू हो म्हैस, मग बोलते. आणि संध्याकाळी म्हशी चरून यायच्या वेळेला भागू इथं, या कातळावर उभी राहायची आणि लांबलचक हाक घालायची, "ये गं चांदे, ये… ये माझी बाय, ये…" कड्यावर आपटून हाक परत यायची, झाडीतून चांदी हुंकार द्यायची, आणि भागूच्या पोटात कुणीतरी कूस बदलायचं, असं म्हणतात.

पौष उजाडला. अशी थंडी, की दुधाला विरजण लागेना. एका सकाळी चांदी व्याली. रेडकू काळंभोर, ओलं, पाय काटक्यांसारखे. उठलं, पडलं, परत उठलं. धोंडूबाईनं स्वतः त्याचं तोंड धरून आचळाला लावलं. बिरू कासंडी घेऊन खरवसासाठी चीक काढायला पुढं झाला, तर धोंडूबाईनं त्याचा हात झटकला. म्हणाली, "आधी त्याला पिऊ दे. चिकाबिगर जगंल का ते?" हे वाक्य ठमाईनं ऐकलं. ती सकाळीच येऊन बसली होती, कारण तिला ठाऊक होतं की त्या घरात त्या दिवशी चांदी एकटीच बाळंत होणार नाही.

दुपारी भागूच्या कळा सुरू झाल्या आणि ऊन कलायच्या आत ती मोकळी झाली. मुलगी. पण मुलगी रडली नाही. अंग निळसर, हात-पाय लुळे, ओल्या फडक्यासारखी. ठमाईनं तिला पुसली, पाठ चोळली, तळवे चोळले. श्वास चालू झाला, पण इतका बारीक की छातीवर हात ठेवला तरच कळावा. भागूनं मान वर केली आणि कुणी काही सांगायच्या आतच ओळखलं. दोनदा बघितलेलं होतं ना तिनं.

धोंडूबाई सूप घेऊन पुढं झाली. पाणी तापलेलं होतं, गुळाचा बोळा भिजलेला होता. रीत म्हणजे रीत. ठमाईनं बाळ सुपात ठेवलं नाही. तिनं ते उघडंच भागूच्या उघड्या पोटावर पालथं ठेवलं आणि वरून घोंगडी ओढली. धोंडूबाई म्हणाली, हे काय करतीस? न्हाऊ घालायचंय, बाजूला निजवायचंय. ठमाई जागची हलली नाही. ती मोठ्यानं बोलली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "धोंडूबाई, सकाळी रेडकाचं काय म्हणालीस?"

धोंडूबाई सूप धरून उभी. एका अंगाला पिढ्यांची रीत आणि दुसऱ्या अंगाला तिच्याच तोंडचं वाक्य. ती बाळाकडं बघत होती, भागूकडं बघत होती, आणि भागू तिच्याकडं बघत होती. त्या वेळी तिनं बाळ उचलून नेलं असतं, तर तिला अडवणारं घरात कुणी नव्हतं. ठमाईनंही अडवलं नसतं, घर धोंडूबाईचं होतं. मग धोंडूबाई खाली वाकली आणि तिनं सूप भिंतीला उभं टेकून ठेवलं.

तुम्ही म्हणाल, एवढंच? अहो, एवढंच! एवढंच करायला माणसाचा जन्म जातो आणि तरी होत नाही.

मग ठमाई भागूला म्हणाली, "आता बोल तिच्याशी. बंदी पोटाशी बोलायची होती, ती तर बाहेर आलीय." भागूनं तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. इतके महिने पोटाशी बोलायचं नाही, नाव काढायचं नाही, म्हणून गळ्याला गाठ मारलेली. लेकीशी काय बोलतात तेच तिला आठवेना. ती नुसतीच ओठ हलवत राहिली. बाळाचा श्वास आणखी बारीक झाला. आणि मग भागूच्या तोंडून आलं ते एकच, जे रोज तिन्हीसांजेला यायचं.

"ये गं चांदे, ये… ये माझी बाय, ये…"

घोंगडी हलली. सगळ्यांनी बघितलं. आधी बाळाची मान वर झाली, डुगडुगत, आणि आवाजाच्या बाजूला वळली. भागू रडत रडत हाक घालतच होती. मग बाळानं टाचा रोवल्या. पाय मुडपले, ताणले, आणि वितीएवढं ते पोर आईच्या पोटावरनं वर सरकलं. थांबलं, दम खाल्ला, नाक घासलं, वास घेतला. परत सरकलं. कुणी हात लावला नाही. ठमाईनं दोन्ही हात मागं बांधून ठेवले होते, म्हणजे मोह व्हायला नको. छातीपाशी आल्यावर बाळानं तोंड इकडं घातलं, तिकडं घातलं, आणि बरोब्बर लावलं. पिवळा, दाट चीक. गटागटा प्यायलं, असं म्हणतात. आणि पिऊन झाल्यावर ते असं रडलं की बाहेर अंगणात बिरू मटकन खालीच बसला!

आता पुढचं ऐका. आपल्या नावाची हाक ऐकून गोठ्यातली चांदी दावं तोडून आली आणि दारातून मुंडकं आत घालून उभी राहिली. तिला वाटलं मलाच बोलावलं. ती तिथंच हुंकारली, आणि रडणारं बाळ तो हुंकार ऐकून गप झालं. का गप होणार नाही? इतके महिने पोटात राहून तोच तर ऐकला होता. तिची मावशीच ती.

सगळे हसत होते, रडत होते. धोंडूबाई मात्र भिंतीला टेकून खाली बसली. तिनं गुळाचा बोळा चुलीत टाकला. म्हणाली, "दोन वेळा मी सांडला गं. उंबराच्या मुळाशी माझ्या हातानं सांडला." ती ऊर बडवून घेणार, तोच ठमाईनं तिचा हात धरला आणि भागूच्या पदराशी नेला. बाळाची मूठ उघडून धोंडूबाईचं बोट आत सरकवलं. बाळानं ते धरलं. धोंडूबाईनं सोडवायचा प्रयत्न केला, सुटेना. ठमाई म्हणाली, "तिला मागचं काय ठाऊक न्हाई. तिनं तुला धरलंय." धोंडूबाई अंधार पडेस्तोवर तशीच बसून राहिली, बोट देऊन. संध्याकाळची चूल दुसऱ्या कुणी पेटवली.

पाचवी आली. वाडीतलं कुणी त्या दिवशी म्हशी घेऊन लांब गेलं नाही, सगळ्यांचा जीव टांगणीला. सहावा दिवस उजाडला आणि पाळण्यातून असं भोकाड ऐकू आलं की वाडीच्या जिवात जीव आला. मुलीचं नाव तानू ठेवलं. चांदीच्या राहिलेल्या चिकाचा खरवस धोंडूबाईनं घरोघर नेला आणि प्रत्येक दारात उभं राहून सगळं सांगितलं, स्वतःचं चुकलेलंही. तिच्याच तोंडून ऐकलं म्हणून वाडीनं ऐकलं. ठमाईनं सांगितलं असतं तर म्हणाले असते, सुईण आहे, बोलायचीच. त्या दिवसापासून उंबराच्या मुळाशी चिवेवाडीत कुणी चीक सांडला नाही. ठमाईबरोबर धोंडूबाई प्रत्येक बाळंतपणाला जायची आणि कुणी सूप हातात घेतलं की आधी तिच्या डोळ्याला डोळा द्यावा लागायचा. ती म्हणायची, माझी एक नात वाचली, आता जेवढी वाचतील तेवढी माझीच.

ठमाई म्हातारी झाली. तिचे कान गेले. असं म्हणतात, की सगळ्या वाडीच्या बाळांचं ऐकून ते भरले, आणखी जागाच उरली नाही. तरी ती पोटाला गाल लावायची आणि हसायची. ऐकू येत नसलं तरी टाच तर लागतेच ना गालाला. आणि एका सकाळी, दाट धुक्यात, ती पलीकडच्या वस्तीवर बाळंतपणाला म्हणून निघाली, ती तिथं पोचलीच नाही. माणसं शोधायला निघाली. दरीत उतरली, झाडी पालथी घातली. बिरूचे पाय सोलवटून निघाले. काठी नाही, घोंगडी नाही, काही नाही.

तानू तेव्हा मोठी झाली होती, लग्न होऊन वाडीतच दिलेली, आणि पोटुशी. ती कुणाला न विचारता इथं आली. धुकं एवढं, की आपलाच हात दिसेना. तिला दुसरी कुठली हाक येत होती? जन्माला येताना जी ऐकली, तीच तिनं घातली. "ये गं ठमाई, ये… ये माझी बाय, ये…" आणि पलीकडून, धुक्यातून, हाक परत आली. पण ती तानूच्या आवाजात नव्हती, असं म्हणतात. म्हाताऱ्या आवाजात होती, जरा हसल्यासारखी. आणि तानूच्या पोटातल्या बाळानं त्या बाजूला अशी कूस बदलली की ती कळवळून खालीच बसली.

ठमाई कधी सापडली नाही. म्हातारी माणसं सांगायची की ती सटवाईच्या घरी जाऊन बसली आहे. सटवाई लिहायला निघाली की तिच्याबरोबर निघते, आणि काही वाईट लिहायला लागली की तिचा हात धरते. पोटात असल्यापासून धरायला शिकलेली माणसं आपण, धरलं की सुटत नाही.

तेव्हापासून आमच्याकडं असं आहे. पोटुशी बाई भेटली की दोनदा राम राम घालायचा, एक तिला, एक आतल्याला. आमच्या मुक्कामी येणाऱ्या एसटीचा कंडक्टरसुद्धा घालतो, तिकीट मात्र एकच फाडतो. आता बाळंतपणं खाली तालुक्याला दवाखान्यात होतात, तरी बाळ उपजलं की आमच्यातलं कुणी आधी बोलत नाही. आजी असो, बाप असो, तोंड बंद. पहिला आवाज आईचा. तिथल्या सिस्टरना हे आता ठाऊक आहे, त्याही चिवेवाडीची बाई आली की हळू चालतात. ज्याच्या गोठ्यात म्हैस व्याली असेल, त्याचा खरवस बाळंतिणीच्या घरी, आणि तो नेताना ठमाईचं नाव घ्यायचं. आणि सव्वा महिन्यानं आई बाळाला घेऊन इथं येते आणि ठमाईला हाक घालते, की बाई, पोचलं गं तुझं पाव्हणं, नीट पोचलं.

कडा आवाज परत देतो हे आम्हालाही ठाऊक आहे. पोरं दिवसभर इथं ओरडून खेळतात, आम्हाला काय कळत नाही? तरीपण मी सांगते ते ऐका. मलाही माझ्या आईनं इथं आणलं होतं. मीही चार लेकरं घेऊन आले. त्यातलं धाकटं सातव्या महिन्यातच आलेलं, उंदराएवढं. ते जगणार नाही असं सगळ्यांनी धरलेलं. मी त्याला रात्रंदिवस छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवलं आणि ठमाईसारखं बोलत राहिले, बोलत राहिले. तो बघा तो, मागं उभा आहे, मिशीवाला. आज बाप झालाय. ठमाई, तुझे उपकार गं बाई. ते फेडायला आम्हाला जमायचं नाही, म्हणून तर वर्षानुवर्षं हाका घालतो.

आली बघा बाळंतीण, आमची हौसा. सावकाश ये गं पोरी, तो दगड हलतो, त्याच्यावर पाय देऊ नको. ऊन आलंय, टोपडं जरा मागं कर, कान उघडे असू दे. सगळ्यांनी तोंडं मिटा आता. पाव्हणं, तुम्हीसुद्धा. कड्याकडं बघू नका, तिथं काही दिसायचं नाही. हौसा हाक घालेल, हाक परत येईल, तेव्हा तुम्ही बाळाच्या मानेकडं बघा.

घाल गं हाक.